गोळ्यांची बेरीज

"बी-कॉम्प्लेक्स कितीही घेतलं तरी काय होतंय? जास्तीचं लघवीतून निघून जातं." नृत्याच्या वर्गात हे हमखास ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं शरीर सहसा साठवून ठेवत नाही. पण बी-६ जास्त डोसमध्ये दीर्घकाळ पोटात गेलं तर संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा करतं. मला हे पायांनी शिकवलं.

मी कथक करते आणि शिकवतेही. आमचा सगळा हिशेब तळव्यांवर चालतो. टाच कुठे पडली आणि पंजा कधी टेकला, हे न बघता कळावं लागतं. तेच कळेनासं झालं. आधी तळव्यांना मुंग्या आल्या, मग बधिरपणा. पायांत जोर होता, तत्कार वाजत होता, पण पाऊल जमिनीला लागल्याची जाणीव पुसट झाली होती. वर्गात आरसा असल्यामुळे डोळे ती उणीव भरून काढत. मंचावर दिवे डोळ्यांवर आले की चक्कर संपवून समेवर थांबताना माझा तोल जाऊ लागला.

मानेच्या दुखण्यासाठी मला आधीच 'नसांची गोळी' दिलेली होती. मुंग्यांचं सांगितल्यावर ती दिवसातून दोनदा झाली. केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळी गोळी दिली, जिमच्या ट्रेनरने पावडर सुचवली, आणि तालमीच्या दिवसांत एनर्जी ड्रिंक होतंच. या सगळ्यांत बी-६ होतं. ज्याने त्याने आपल्यापुरतं पाहिलं, बेरीज कुणीच केली नाही.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवला, मला त्याचा कंप जाणवला नाही. पाय जुळवून डोळे मिटायला लावले, तर मी डुलायला लागले. साखर, थायरॉइड, बी-१२ सगळं ठीक निघालं. मग ते म्हणाले, "घरात जे जे घेताय ते सगळे डबे घेऊन या." लेबलांवरचे आकडे जुळवले तेव्हा रोजचं बी-६ शंभर मिलिग्रॅमच्या बरंच वर जात होतं. माणसाची गरज साधारण दोन मिलिग्रॅमची. मुंग्यांवरचा उपाय म्हणून जे वाढवलं होतं, तेच मुंग्यांचं कारण होतं.

ही माहिती नवी नाही. १९८३ मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये बी-६च्या अतिसेवनाने चालणं बिघडलेल्या सात रुग्णांची नोंद आली होती. त्यांचे डोस प्रचंड होते, रोज दोन ते सहा ग्रॅम. त्याहून पुष्कळ कमी डोसवरही त्रास होतो, हे पुढे दिसत गेलं. अमेरिकेत प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५ वरून १२ वर आणली.

गोळ्या बंद केल्यावर मुंग्या आधी थोड्या वाढल्या. असं होऊ शकतं याची डॉक्टरांनी कल्पना दिली होती. नंतर सुधारणा झाली, पण महिन्यांच्या गतीने, आणि अंगठ्यांखाली थोडी बधिरता अजून आहे.

नाचणाऱ्यांनी, आणि त्यांच्या आईवडिलांनीही, एवढं करावं. घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, गमी आणि पेयं टेबलावर मांडा. लेबलावर 'पायरिडॉक्सिन' शोधा, तेच बी-६. मिलिग्रॅमची बेरीज कागदावर लिहा आणि प्रत्येक डॉक्टरांना तो कागद दाखवा. मात्र लिहून दिलेलं औषध परस्पर थांबवू नका. टीबीच्या आयसोनियाझिडसोबत बी-६ मुद्दाम देतात, कारण ते नसांना जपतं.

मुंग्या आल्या तर आधी तपासणी करा, मग गोळी घ्या. बी-१२ कमी असलं तरी मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता पुष्कळ आढळते. तेव्हा बी-१२ जरूर घ्या, पण ते एकटंही मिळतं.

'ड' जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट सहसा आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेततं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्ततपासणीआधी सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात.

आणि थकवा आला की आधी ताट बघा. बारीक दिसायचं म्हणून उपाशीपोटी रियाज करणाऱ्या मुलींची पाळी चुकते, हाडांना बारीक तडे जातात. कुठलीही मल्टिव्हिटॅमिन ती उणीव भरत नाही. हरभरे, शेंगदाणे, केळं, बटाटा, मासे यांतून बी-६ पुरेसं मिळतं, आणि जेवणातून ते कधी बाधत नाही.

गुरूंनाही एक विनंती आहे. विद्यार्थिनी "ताई, पाय बधिर होतात" म्हणाली, तर तिला गोळीचं नाव सांगू नका. तिला डॉक्टरांकडे पाठवा, सगळे डबे सोबत देऊन.