विडी सुटत का नाही?

सिन्नरच्या विड्यांवर आपल्या जिल्ह्यातली अनेक घरं चालली. त्याच विडीनं छात्याही पोखरल्या. "मनात आणलं तर आज सोडीन" म्हणणारे आम्हाला वस्तीत रोज भेटतात. घोडं दोन ठिकाणी अडतं.

एक शरीर. झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, साधारण २ तासांत निम्मं उतरतं. मग तलफ येते. टेंभुर्णीच्या पानाची विडी सारखी ओढावी लागते, नाहीतर विझते. सोडल्यावर चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप उडते. पहिले २-३ दिवस सगळ्यांत जड. ३-४ आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तेवढे दिवस घरच्यांनी टोमणे आवरावेत.

दुसरं मन, आणि ते फार चिवट. सातपूर-अंबडची पाळी सुटली, चहा आला, की हात आपोआप खिशात जातो. शरीर मोकळं झाल्यावरही महिन्यांनी ही सवय डोकं वर काढते. तलफ बहुधा ५-१० मिनिटांत जाते. तेवढ्यात पाणी प्यावं, बडीशेप चघळावी, चहाची टपरीच बदलावी. आयाबायांच्या मशेरीचंही असंच आहे. तिला आपण व्यसन म्हणत नाही, इतकंच. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करावा.