घराचे उत्तरदायित्व आणि छत्र-विमा

झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही दक्षिण दिल्लीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत होय. सरोजिनी नगर आणि आय. एन. ए. बाजार यांच्या निकट वसलेल्या या वसाहतीतील निवासस्थाने शासनाच्या मालकीची असून त्यांत राहणारे कुटुंब बदली किंवा निवृत्ती होईपर्यंतच तेथे असते. घर आपले नाही, तेव्हा घराचा विमा कशासाठी, असा प्रश्न अशा कुटुंबाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली असते. आपल्या वस्तूंची हानी ही एक गोष्ट. आपल्या हातून दुसऱ्याची झालेली हानी ही दुसरी. पहिल्या हानीला मर्यादा असते, कारण जेवढे आपल्याजवळ आहे तेवढेच आपण गमावू शकतो. दुसरीला तशी मर्यादा नसते. प्रस्तुत प्रकरणात या दुसऱ्या प्रकारच्या हानीचा विचार करावयाचा आहे.

उत्तरदायित्व कसे निर्माण होते

समजा, तळमजल्यावरील एका कुटुंबाने कुत्रा पाळला आहे. पहाटे फाटकाची कडी नीट लागलेली नसते. कुत्रा रस्त्यावर धावतो, सायकलवरून दूध घालणारा मनुष्य पडतो आणि त्याच्या मांडीचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, चार महिने त्याचा धंदा बंद राहतो आणि पाय कायमचा अधू होतो. कुटुंबाचा हेतू मुळीच वाईट नव्हता. तरीही कायदा तीन प्रश्न विचारतो. त्या मनुष्याच्या बाबतीत सावधगिरी बाळगण्याचे कर्तव्य कुटुंबावर होते काय? त्या कर्तव्यात कसूर झाली काय? आणि हानी त्या कसुरीमुळेच झाली काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर भरपाई देणे भाग पडते. हा कुत्रा पूर्वीही कोणाच्या अंगावर धावून गेला होता आणि ते मालकास ठाऊक होते, असे सिद्ध झाले तर बचाव अधिकच दुबळा होतो. शिवाय प्राण्याच्या बाबतीतील निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार गुन्हाही आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड शासनाकडे जातो. त्याने जखमी मनुष्याचे रुग्णालयाचे देयक फिटत नाही. ती भरपाई निराळी.

प्रत्येक अपघाताला कोणीतरी उत्तरदायी असतोच, असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक प्रकरण आले होते. क्रिकेटच्या मैदानातून उंच टोलावलेला चेंडू बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका स्त्रीला लागला होता. तीस वर्षांत सुमारे सहा वेळाच चेंडू कुंपणापलीकडे गेला असल्यामुळे धोका अत्यल्प होता, असे ठरवून न्यायालयाने क्लबला दोषमुक्त केले. वसाहतीच्या दोन ओळींमधील अरुंद मोकळ्या जागेत रोज संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांना हा निर्णय लागू पडेल असे समजू नये. तेथे चेंडू खिडकीवर आदळणे ही नित्याची गोष्ट असते, आणि जे नित्य घडते त्याची पूर्वकल्पना नव्हती असे म्हणता येत नाही.

दिल्लीचे एक उदाहरण

चांदनी चौकातील घंटाघर १९५१ साली कोसळले आणि त्याखाली सापडून माणसे मृत्युमुखी पडली. मृतांच्या वारसांनी भरपाईचे दावे लावले. इमारत सुमारे ऐंशी वर्षांची जुनी होती आणि तिच्यातील चुन्याचा जोर ओसरला होता. आतील दोष वरून दिसत नव्हता, हा पालिकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली फेटाळला. रहदारीच्या रस्त्यालगतची इमारत धोकादायक होऊ न देण्याची जबाबदारी मालकाची असते, दोष उघड असो वा छुपा, असे तत्त्व त्यात मांडले गेले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सरकारी निवासस्थानाचा सज्जा जीर्ण होऊन ढासळला, तर प्रथम प्रश्न मालकाला, म्हणजे शासनाला विचारला जाईल. परंतु त्याच सज्जाच्या कठड्यावर भाडेकरूने वा कर्मचाऱ्याने ठेवलेली कुंडी खाली पडली, तर प्रश्न त्या कुटुंबाला विचारला जाईल. दुसरी गोष्ट काळाची. अपघात आणि अंतिम निर्णय यांत पंधरा वर्षे गेली. दाव्याचा खर्च आणि चिंता इतका काळ वाहावी लागू शकते.

भरपाई कोठून वसूल होते

न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावर तो पगारावर बजावता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने पगारदाराला काही संरक्षण दिले आहे. पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मुक्त असतो. जप्तीस पात्र असा पगार महिना ६१,००० रुपये धरला, तर एक हजार वजा जाता साठ हजार उरतात आणि त्यांतील एक-तृतीयांश, म्हणजे २०,००० रुपये दरमहा जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी जप्ती एकंदर चोवीस महिन्यांपर्यंतच चालते. म्हणजे पगारातून ४,८०,००० रुपये जातात. सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांना हात लागत नाही. मात्र बँकेतील ठेव किंवा निवृत्तीनंतर राहण्यासाठी पुण्यात घेऊन ठेवलेली सदनिका यांना हे संरक्षण नाही. दूधवाल्याला बारा लाख रुपये देण्याचा हुकूम झाला, तर उरलेले सात लाख वीस हजार तेथूनच येणार.

विम्याचा पहिला थर

वाहनाच्या बाबतीत हा थर कायद्यानेच सक्तीचा केला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्रयस्थाच्या हानीचा विमा असल्याखेरीज वाहन रस्त्यावर आणता येत नाही. त्रयस्थाचा मृत्यू किंवा इजा यांबाबत न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम विमा कंपनी देते. मालमत्तेच्या हानीला मात्र मर्यादा असून ती खाजगी मोटारीसाठी साधारणतः साडेसात लाख रुपये असते. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती स्कूटर दिली असेल, तर कंपनी जखमीला दिलेली रक्कम मालकाकडून परत मागू शकते. अल्पवयीन मुलाच्या अशा अपराधासाठी २०१९ च्या दुरुस्तीने पालकालाही शिक्षा सांगितली आहे.

घराच्या बाबतीत अशी सक्ती नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांनी देऊ केलेले ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र इमारत आणि घरातील वस्तू यांच्यासाठी आहे. केवळ वस्तूंचाही विमा त्याखाली उतरविता येतो, त्यामुळे सरकारी निवासस्थानातील कुटुंबाला ते उपयोगी आहे. परंतु त्याच्या मूळ स्वरूपात दुसऱ्याच्या हानीची भरपाई येत नाही. त्यासाठी बहुविभागी गृहस्थ विमापत्रातील सार्वजनिक उत्तरदायित्वाचा विभाग निवडून मागावा लागतो. १९९१ चा सार्वजनिक उत्तरदायित्व विमा कायदा हा नावामुळे याच्याशी संबंधित वाटतो; पण तो घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे, घरांसाठी नव्हे.

छत्र-विमा म्हणजे काय

पहिल्या थराची मर्यादा संपली, की तिच्यावर पसरणारा दुसरा थर म्हणजे छत्र-विमा. घर आणि वाहन या दोन्ही विमापत्रांवर तो एकाच छत्रीप्रमाणे धरलेला असतो, म्हणून हे नाव. त्याचा प्रसार मुख्यतः अमेरिकेत आहे. भारतातील सामान्य कुटुंबांत तो रूढ झालेला नाही. परंतु मुलगा वा मुलगी न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना तो कळून घेणे आवश्यक आहे, कारण तेथे भरपाईच्या रकमा मोठ्या असतात.

उदाहरण घेऊ. मोटारीच्या विमापत्राची एका जखमी व्यक्तीमागे मर्यादा अडीच लाख डॉलर आहे आणि छत्र-विमा दहा लाख डॉलरचा आहे. न्यायालयाने एका जखमीस नऊ लाख डॉलर देवविले. पहिली अडीच लाखांची रक्कम मोटारीच्या विम्यातून जाईल आणि उरलेले साडेसहा लाख छत्र-विम्यातून.

येथे एक अट असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने कुटुंबे अडचणीत येतात. मूळ विमापत्रे ठरावीक मर्यादेची आणि सतत चालू असली पाहिजेत. हप्ता वाचविण्यासाठी मोटारीची मर्यादा अडीच लाखांवरून एक लाखावर आणली, तर छत्र-विमा तरीही अडीच लाखांच्या वरच सुरू होतो. मधले दीड लाख डॉलर कुटुंबाने स्वतः द्यावयाचे.

बुद्धिपुरस्सर केलेली इजा, व्यवसायातून उद्भवलेले दावे, दंड आणि विमेदाराची स्वतःची हानी यांना सामान्यतः छत्र-विम्याची छाया मिळत नाही. नुसता ‘अधिक मर्यादेचा’ विमा आणि छत्र-विमा यांतही भेद आहे. पहिला केवळ मूळ विम्याचीच रक्कम वाढवितो. छत्र-विमा कधी कधी बदनामीच्या दाव्यासारख्या, मूळ विम्यात नसलेल्या दायित्वांनाही स्पर्श करतो. अशा वेळी ठरलेली प्रारंभिक रक्कम विमेदार स्वतः सोसतो.

कुटुंबाने काय करावे

भारतातील कुटुंबाने प्रथम आपल्या विमापत्रात उत्तरदायित्वाचा विभाग आहे काय आणि त्याची मर्यादा किती, हे वाचून पाहावे. ती मर्यादा आपली ठेव, सदनिका आणि पगाराचा जप्तीयोग्य भाग यांच्या बेरजेशी ताडून पाहावी. कुत्रा पाळला असल्यास प्राण्यांमुळे झालेली हानी वगळलेली नाही ना, हे लेखी विचारावे. अपघात घडल्यास जखमीला तत्काळ मदत करावी आणि विमा कंपनीला विनाविलंब कळवावे. परंतु कंपनीच्या संमतीवाचून दोष मान्य करणारा करार करू नये.

आणि या सर्वांच्या आधी फाटकाची कडी दुरुस्त करावी. विमा दूधवाल्याला पैसे देऊ शकतो, पाय परत देऊ शकत नाही.

विचारार्थ प्रश्न

१. सज्जाचा भाग ढासळणे आणि सज्जावरील कुंडी पडणे यांत उत्तरदायित्वाचा भेद कोणता?

२. जप्तीयोग्य पगार महिना ४६,००० रुपये असल्यास चोवीस महिन्यांत जास्तीत जास्त किती रक्कम जप्त होईल?

३. मूळ विम्याची मर्यादा कमी केल्यास छत्र-विमा असूनही कुटुंबावर भार का पडतो?