दहा पायऱ्यांची गणकनलिका

किरणोत्सारी पदार्थातून बाहेर पडणारे कण मोजावयाचे असतील, तर प्रत्येक कणामागे मिळणारा विजेचा स्पंद मोजावा लागतो. यांत्रिक गणकाची चाके या वेगाला पुरी पडत नाहीत. म्हणून १९३२ साली केंब्रिज येथे विन-विल्यम्स यांनी थायरट्रॉन नलिकांच्या जोड्या वापरून, दर दोन स्पंदांमागे एकच स्पंद पुढे पाठविणारी मंडले रचली. हे द्विमान गणन होय.

या पद्धतीत उपकरण सुटसुटीत होते. परंतु वाचणाऱ्याचे काम वाढते. कुंभकोणम येथील शाळेत शिकलेल्या रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ ही संख्या घेऊ. ती दाखविण्यास द्विमान पद्धतीत अकरा टप्पे लागतात. त्यांपैकी १०२४, ५१२, १२८, ६४ आणि १ या किमतींचे पाच दिवे लागलेले दिसतात आणि त्यांची बेरीज निरीक्षकाने करावयाची असते. ५१२ चा दिवा नजरेतून सुटला, तर संख्या १२१७ होते आणि प्रयोग वाया जातो.

दशमान अंक थेट दिसावेत, तर काय करावे? १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक या अमेरिकन यंत्रात प्रत्येक अंकासाठी दहा मंडलांचे कडे होते. एका वेळी त्यांतील एकच मंडल चालू असे. चार अंकांना, म्हणजे, चाळीस मंडले!

ही अडचण डेकाट्रॉन या नलिकेने दूर केली. हिच्या मध्यभागी धनाग्राची चकती आणि भोवती तीस ऋणाग्रे असतात: दहा मुख्य, वीस मार्गदर्शक. प्रत्येक स्पंदाबरोबर निऑनचा प्रकाशठिपका दोन मार्गदर्शकांवरून सरकत पुढील मुख्य ऋणाग्रावर स्थिरावतो. तो शून्यावर परतला, की हातचा पुढील नलिकेकडे जातो. अशा रीतीने १७२९ साठी चार नलिका पुरतात आणि घड्याळाप्रमाणे अंक वाचता येतो.

१९५१ साली कार्यरत झालेल्या इंग्लंडमधील हार्वेल संगणकात अशा ८२८ नलिका होत्या. एका गुणाकारास त्याला काही सेकंद लागत. परंतु तो देखरेखीवाचून दिवसेंदिवस चाले. २०१२ साली ब्लेच्ली पार्क येथील संग्रहालयात तो पुन्हा चालू करण्यात आला.

डेकाट्रॉन सेकंदाला काही हजार स्पंदच मोजू शके. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, रूपांतराचे काम यंत्रच करू लागले आणि दशमान मंडलांची गरज उरली नाही. पद्धतीची निवड केवळ गणिताने ठरत नसून उपलब्ध साधनांनी व वाचणाऱ्याच्या सोयीने ठरते, हे यावरून ध्यानात येईल.

स्वाध्याय: ९९९९ पर्यंत मोजण्यास द्विमान पद्धतीचे किती टप्पे लागतील?