गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही: ट्रकच्या नियमित मेंटेनन्सचं साधं गणित



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मालवाहतुकीच्या धंद्यावर बोललो. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून चेकलिस्ट आणि आकडेमोड इथे सविस्तर देतो. वही-पेन घेऊन बसा. तुमची एक गाडी असो की पाच, हा धडा तुमच्यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून अलिबागजवळचं थळ घेऊ. १९८० च्या दशकात इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा म्हणजे आरसीएफचा खत कारखाना उभा राहिला. युरिया रेल्वेनेही जातो आणि ट्रकनेही. ट्रकचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे: अलिबाग, कार्लेखिंड, पोयनाड, धरमतरचा पूल, वडखळ. तिथून पेण-खोपोली करून बोरघाट चढायचा किंवा मुंबई-गोवा महामार्ग धरायचा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट, वरून चार महिने कोकणातला पाऊस. गाडीची खरी परीक्षा इथे होते.

आधी पैशाचं बोलू

बरेच मालक म्हणतात, "गाडी चालतेय ना, मग कशाला खोलायची?" समजा, तुमची एक दहाचाकी आहे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

- महिन्याचा हप्ता: ४५,००० रुपये
- ड्रायव्हरचा पगार: २०,००० रुपये
- विमा, टॅक्स, पासिंग यांचा महिन्याचा वाटा: १०,००० रुपये

एकूण ७५,०००. महिन्यात २५ दिवस गाडी चालते असं धरलं, तर दिवसाला ३,००० रुपये. गाडी हलो वा न हलो, हे जाणारच.

आता समजा, पोयनाडजवळ भरल्या गाडीचं मागच्या चाकाचं बेअरिंग जाम झालं. माल दुसऱ्या गाडीत भरायचा, त्याचे ८,०००. हब, बेअरिंग, मजुरी मिळून १५,०००. पार्ट मिळून गाडी रस्त्यावर यायला चार दिवस, म्हणजे १२,०००. झाले ३५,०००. बुडालेल्या ट्रिपांचा नफा वेगळा आणि पार्टीने पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन केला तर तो तोटा आणखी वेगळा.

हेच काम ठरवून केलं असतं तर? हब खोलून बेअरिंग तपासणं, नवीन ग्रीस, नवीन सील: समजा ४,००० रुपये आणि अर्धा दिवस, म्हणजे आणखी १,५००. एकूण ५,५००.

३५,००० आणि ५,५०० यांतला फरक कुठून आला? पार्ट महाग झाला म्हणून नाही. एका वेळी दिवस तुम्ही निवडला आणि दुसऱ्या वेळी गाडीने निवडला. आजचा धडा एवढाच आहे: गाडी कधी थांबायची हे आपण ठरवायचं, गाडीला ठरवू द्यायचं नाही.

रोजची दहा मिनिटं

गाडी सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर ड्रायव्हरने हे करायचं:

१. इंजिन ऑईल आणि कूलंटची पातळी बघणं. कूलंटचं झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नका.

२. गाडीखाली वाकून बघणं. जमिनीवर ऑईल, डिझेल, पाणी सांडलंय का?

३. टायर. जोडचाकातला आतला टायर हमखास राहून जातो. त्यात हवा कमी असेल तर सगळा भार बाहेरच्यावर येतो आणि दोन्ही जातात. जोडचाकांत दगड अडकलाय का तेही बघा. हवा टायर थंड असताना मोजायची. चालून आलेल्या गरम टायरचा आकडा जास्त दिसतो, म्हणून हवा काढून टाकू नका.

४. चाकाचे नट. नटाखालून गंजाचा ओघळ दिसला तर नट सैल असू शकतो. चाक काढून बसवलं असेल तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

५. एअर टँकमधलं पाणी काढणं. किनाऱ्यावरच्या हवेत ओलावा जास्त, त्यामुळे इथे हे चुकवायचं नाही. एअर ड्रायर चांगला असेल तर पाणी जवळजवळ निघत नाही. रोज पाणी किंवा तेलकट पाणी येत असेल, तर ड्रायरचं कार्ट्रिज आणि कॉम्प्रेसर दाखवून घ्या.

६. ब्रेकची हवा. प्रेशर पूर्ण भरू द्या, चाकांना ओट लावा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि काटा बघा. काटा खाली सरकत असेल किंवा 'सूंऽ' आवाज येत असेल, तर गळती शोधल्याशिवाय गाडी भरायला लावू नका.

७. लाईट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर.

शेवटच्या तीन गोष्टी पैशाच्या नाहीत, जिवाच्या आहेत. अलिबाग-वडखळ रस्त्यावर एसटी असते, शाळेची मुलं असतात, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या असतात. भरलेला ट्रक उतारावर थांबला नाही तर त्याची भरपाई कुठल्याच वहीत मांडता येत नाही. घाट उतरताना खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा. सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो आणि लायनर पकड सोडतो. स्लॅक ॲडजस्टर आणि लायनर मेकॅनिककडून ठरलेल्या मुदतीला तपासून घ्यायचेच.

किलोमीटरवर चालणारी कामं

ऑईल, फिल्टर, गिअर ऑईल, हाऊजिंग ऑईल, ग्रीसिंग यांची मुदत तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. मॉडेलप्रमाणे ती बदलते, म्हणून शेजारच्याचं ऐकून ठरवू नका. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा.

पहिली: किलोमीटर खोटं बोलतो. लोडिंगच्या रांगेत इंजिन चालू ठेवून गाडी तासन्‌तास उभी राहिली, तर मीटर हलत नाही पण ऑईल जुनं होतंच. पुस्तकात तासांची मुदत असेल तर तीही पाळा आणि रांगेत इंजिन बंद करण्याची सवय लावा.

दुसरी: एअर फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झोडपू नका. कागदाला बारीक भोक पडलं की धूळ थेट इंजिनमध्ये जाते. इंडिकेटर लाल झाला की फिल्टर बदला.

खारी हवा आणि युरिया

युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. हौद्यात सांडलेले दाणे पत्र्याच्या फटीत बसले की तिथे कायम ओल राहते आणि पत्रा गंजतो. उपाय स्वस्त आहे: गाडी खाली झाली की आधी कोरडा झाडू मारा, मग गोड्या पाण्याने धुवा. उलटं केलंत तर दाणे विरघळून फटीत उतरतील. आठवड्यातून एकदा चेसिस, पाटे आणि ब्रेकचे पाईप खालून धुऊन घ्या.

बॅटरीची टर्मिनल साफ करून वर पेट्रोलियम जेली लावा. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. अर्थिंगचे बोल्ट गंजले की लाईट लुकलुकते, सेन्सर चुकीचं सांगतात आणि बिचारा मेकॅनिक भलताच पार्ट बदलत बसतो.

डीईएफ म्हणजे खताचा युरिया नव्हे

हा मुद्दा थळसारख्या गावात जास्तच महत्त्वाचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोठ्या डिझेल ट्रकमध्ये डीईएफची टाकी आली. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. मग कोणीतरी हुशारी सांगतो, "पोतं आपल्याकडेच आहे, पाण्यात घोळ आणि टाक."

अजिबात नाही. आपल्याकडे २०१५ पासून शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्या लेपामुळे आणि खतातल्या इतर घटकांमुळे डोसिंगचा नोझल आणि सायलेन्सरमधलं कॅटॅलिस्ट खराब होतं, आणि ते बदलणं फार महाग पडतं. शिवाय अनुदानाचं खत दुसऱ्या कामाला वापरणं हा गुन्हा आहे. डीईएफ सीलबंद घ्या, सावलीत ठेवा, आणि भरण्याचं नरसाळं डिझेलपेक्षा वेगळं ठेवा.

मोठं काम कधी काढायचं?

धंद्याचं कॅलेंडर समोर ठेवा. खरिपात युरियाची मागणी वाढते, तेव्हा गाडी गॅरेजमध्ये असून चालणार नाही. म्हणून ब्रेक, बेअरिंग, वायरिंग, वायपर, दरवाजांची रबरं, ताडपत्री ही सगळी कामं एप्रिल-मेमध्ये उरका. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत येण्याची वाट बघू नका. ओल्या रस्त्यावर त्याच्या आधीच पकड कमी होते. पावसाळ्यात डिझेलच्या वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज काढा.

पासिंगही याच कॅलेंडरवर मांडा. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पासिंगच्या आदल्या दिवशी धावपळ करणाऱ्याचा खर्च नेहमी जास्तच होतो.

पैसे कुठून आणायचे? भाड्यातूनच!

मेंटेनन्सचा पैसा किलोमीटरप्रमाणे बाजूला काढा. समजा, दहा टायरांचा सेट २,००,००० चा आणि तो ८०,००० किलोमीटर चालतो. म्हणजे किलोमीटरला २.५० रुपये. सर्व्हिस आणि दुरुस्तीसाठी आणखी २.५०. झाले ५ रुपये. महिन्याला ५,००० किलोमीटर धावलात तर २५,००० रुपये वेगळ्या खात्यात. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरच्या ट्रिपमध्ये १,५०० रुपये तुमचे नाहीतच, ते गाडीचे आहेत. हे न धरता भाडं ठरवलंत, तर तुम्ही गाडी थोडी थोडी विकून भाडं मारताय, एवढंच.

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: ड्रायव्हर

गाडीचा आवाज बदलला हे सगळ्यात आधी ड्रायव्हरला कळतं. पण "मालक, ब्रेक ढिला वाटतोय" म्हटल्यावर त्याला "आधी ट्रिप मार, मग बघू" असं उत्तर मिळालं, तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही. तक्रार सांगणाऱ्या ड्रायव्हरला शाबासकी द्या. गाडी थांबली म्हणून त्याचा भत्ता कापू नका. दहा मिनिटांची तपासणी त्याच्या कामाचा भाग आहे, म्हणून त्या वेळेचेही पैसे धरा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. प्रत्येक गाडीची एक वही करा. रकाने सहा: तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठला पार्ट, खर्च, पुढची मुदत.

२. तुमच्या गाडीचा उभं राहण्याचा रोजचा खर्च काढा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

३. उद्या सकाळी ड्रायव्हरबरोबर स्वतः उभं राहून दहा मिनिटांची तपासणी करा. एकदा तुम्ही गाडीखाली वाकलात की तोही रोज वाकेल.

तुमचा रोजचा आकडा किती आला ते जरूर कळवा. पुढच्या भागात भाडं ठरवताना डिझेलच्या दरातला फरक कसा धरायचा ते बघू. तोपर्यंत गाडी जपा, ड्रायव्हरला जपा!