ट्रकचालकाचे पात्र आणि वास्तवाची कसोटी : जबलपूर–नागपूर मार्गाच्या संदर्भात

भारतीय भाषांतील कथा-कादंबऱ्यांत ट्रकचालक अधूनमधून भेटतो. परंतु बहुधा तो नायकाला रात्री आडवाटेवरून उचलून घेण्यापुरता येतो आणि पहाट होताच कथेबाहेर जातो. त्याच्या तोंडी दोन शिव्या, समोर ढाब्यावरची खाट आणि ट्रकच्या पाठीमागे रंगविलेला शेर एवढ्या सामग्रीवर लेखक वास्तवाचा आभास निर्माण करतो. ही सारी चिन्हे खोटी नाहीत. तथापि चिन्हांची बेरीज म्हणजे पात्र नव्हे.

या मर्यादेचे मूळ लेखकाच्या दृष्टिस्थानात आहे. लेखक बहुधा प्रवाशाच्या जागेवर बसलेला असतो. जबलपूर ही कर्मभूमी असलेल्या हरिशंकर परसाई यांचा ‘बस की यात्रा’ हा प्रसिद्ध व्यंग्यलेख येथे उद्बोधक ठरतो. त्यातील मोडकळीस आलेल्या बसची पेट्रोलची टाकी गळू लागते, तेव्हा चालक पेट्रोल बादलीत काढून ती आपल्या शेजारी ठेवतो व नळीने इंजिनाला पुरवू लागतो. व्यंग्यलेखाचे लक्ष्य बस-कंपनी आणि तिचा निर्धास्त भागीदार हे असल्यामुळे निवेदक प्रवासीच असणे तेथे उचित आहे. पण हाच प्रसंग चालकाच्या आसनावरून पाहिला तर? ती बादली त्याच्या अंगाला लागून आहे. गाडी त्याची नाही आणि थांबण्याचा अधिकारही बहुधा त्याचा नाही. व्यंग्य जेथे थांबते, तेथून या माणसाची कथा सुरू होऊ शकते.

अन्य साहित्यांतील दोन उदाहरणे या दृष्टीने तुलनीय आहेत. सुबोध घोष यांच्या ‘अयांत्रिक’ या बंगाली कथेत बिमल आणि त्याची जुनाट टॅक्सी यांचे नाते जिवलगांचे आहे. १९५८ मध्ये ऋत्विक घटक यांनी त्यावर चित्रपट केला. बिमलची गाडी मात्र त्याची स्वतःची आहे. स्टाइनबेकच्या १९३९ मधील ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’च्या आरंभी भेटणारा ट्रकचालक पगारी नोकर आहे. प्रवासी घेऊ नयेत, अशी पट्टी मालकाने काचेवर लावलेली असताना तो टॉम जोडला नेतो; पण वळणापर्यंत पायफळीवर दबून बसायला सांगतो. चांगुलपणा आणि नोकरी यांच्यातील ओढाताण त्या एका सूचनेत प्रकट होते. पगारी ट्रकचालकाच्या चित्रणाचे मर्म येथेच आहे : माल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि वेळ तिसऱ्याने ठरविलेली. या तिहेरी परस्वाधीनतेत त्याच्या हाती उरणारा निर्णय कोणता, हे शोधणे म्हणजे त्याचे पात्र शोधणे होय.

असा निर्णय तपशिलावाचून उभा राहत नाही. हिवाळ्यात जबलपूरहून हिरवा वाटाणा घेऊन निघालेला ट्रक कल्पावा. लखनादोन, सिवनी, कुरईचा घाट, खवासाची सीमा आणि पुढे नागपूर. माल नाशवंत असल्याने उशिराची किंमत प्रत्येक तासाला वाढते. परतीचा माल न मिळाल्यास भाड्याचे गणित कोसळते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला सामान्यतः ८ आणि लांब पल्ल्यासाठी १० तासांची मर्यादा घातली होती. कायद्याचा तास आणि बाजाराचा तास यांतील अंतर चालक आपल्या झोपेतून भरून काढतो. काळाचे भानही तितकेच आवश्यक आहे. १९८५ मधील कथेत हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७ असेल. २०१० च्या पुनर्रचनेनंतर तो क्रमांक या रस्त्याचा राहिला नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यसीमेवरील करनाकेही हटले. त्यानंतरच्या कथेत तेथील रांग दाखविणे चूक होईल.

या पात्राची खरी परीक्षा अपघाताच्या प्रसंगी होते. ‘चालक फरार झाला’ या वृत्तपत्रीय वाक्यापाशी अनेक कथा थांबतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, निष्काळजीपणे मृत्यू घडवून आणि खबर न देता पळणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करण्यात आली. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी काम थांबविले. थांबलो तर जमाव मारील, हे भय त्यांनी पुढे मांडले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा हे पोटकलम वगळले गेले. कादंबरीकाराने येथे चालकाचा वकील होऊ नये किंवा न्यायाधीशही होऊ नये. रस्त्यावर पडलेला माणूस, धावत येणारे लोक, शेजारी थिजलेला पोरगेला क्लीनर आणि मागे परक्याचा माल, हे सर्व एका क्षणात ज्याच्या समोर उभे राहते, त्याच्या मनात शिरणे हे त्याचे काम आहे. मृताचे दुःख कमी न लेखता हे साधणे कठीण आहे; म्हणूनच ते मोलाचे आहे.

अखेरचा प्रश्न भाषेचा. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. या रस्त्यावर हिंदी व मराठी एकमेकींना परक्या नाहीत. मराठी कादंबरीत हिंदी भाषक चालकाला मोडक्या मराठीत बोलावयास लावले, की वाचक हसतो आणि पात्र लहान होते. ज्या भाषेत तो हिशेब करतो, घरी निरोप देतो आणि भितो, ती भाषा त्याच्यापाशी राहू द्यावी. वास्तवाची कसोटी त्याच्या शिव्या अचूक आहेत की नाहीत, ही नव्हे; गाडी थांबवावी की हाकावी हे ठरविताना वाचक त्याच्या शेजारी नव्हे, त्याच्या जागी बसतो की नाही, ही आहे.