विदा-संरचना: शिकवताना निसटणारा मुद्दा

कोलकात्याहून बराकपूरकडे जाणाऱ्या मार्गावर बरानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्था आहे. तेथे १९५५ मध्ये इंग्लंडहून ‘एचईसी-२एम’ हा संगणक आला. त्याच्या ड्रम-स्मृतीत अवघ्या १,०२४ संख्या मावत. आज स्मृती मुबलक आहे. तरीही विदा कशी मांडावी, हा प्रश्न कायम आहे.

महाविद्यालयांत विदा-संरचना शिकवताना बहुधा व्याख्याच पाठ करून घेतल्या जातात. निवडीचे कारण मात्र राहून जाते. समजा, १,०२४ परीक्षार्थींचे क्रमांक चढत्या क्रमाने ‘अ‍ॅरे’मध्ये आहेत. ओळीने शोधल्यास १,०२४ तुलना कराव्या लागू शकतात. दर वेळी मधला क्रमांक पाहून निम्मी यादी वगळल्यास ११ तुलना पुरतात. तीच यादी ‘लिंक्ड लिस्ट’मध्ये असल्यास मध्यावर थेट पोहोचता येत नाही आणि हा लाभ बव्हंशी नष्ट होतो. उलट, नवा क्रमांक घालताना ‘अ‍ॅरे’तील पुढील सर्व नोंदी सरकवाव्या लागतात, येथे, जागा सापडल्यावर, केवळ दोन दुवे बदलतात.

शोध आणि बदल दोन्ही वारंवार होत असतील, तर संतुलित द्विशाखी वृक्ष उपयोगी पडतो. अ‍ॅडेल्सन-वेल्स्की व लँडिस यांनी तो १९६२ मध्ये मांडला.