सह्याद्री पर्वत

आसगावच्या आसपास टेकड्या आहेत. पण उभा कडा म्हणजे काय, हे इथे राहून कळत नाही. त्यासाठी भंडारा रोड स्टेशनवर, म्हणजे वरठीला, मुंबईची गाडी पकडावी. इगतपुरी आली की खिडकीशी बसावे.

नागपूर-नाशिककडून येताना हा पर्वत फारसा उंच वाटत नाही. आपण पठारावरूनच येतो ना! पण इगतपुरीपुढे जमीन एकदम तुटते. कसाऱ्यापर्यंतच्या पंधरा-एक किलोमीटरांत गाडी सुमारे ३०० मीटर खाली उतरते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्येच अंधारा बोगदा. हा रूळ १८६५ साली सुरू झाला. चढ एवढा, की मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

नॉर्वे नावाच्या थंड देशातही असेच उभे डोंगर आहेत. ते बर्फाने कोरले. आपला सह्याद्री पावसाने कोरला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वाहिला. तो थरावर थर निवून काळा दगड झाला. म्हणून कड्यांवर पायऱ्या दिसतात. यातले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच. राज्यात त्याहून उंच जागा नाही.

आता पावसाचे पाहा. भात शिजताना गंजावरच्या झाकणाला आतून थेंब जमतात. तसेच हे. समुद्रावरची ओली हवा कड्याला अडते, वर चढते, थंड होते, आणि तिचे पाणी होऊन तिथेच कोसळते. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे! आपल्याकडे तेराशेच्या आसपास. आपला पुष्कळ पाऊस बंगालच्या उपसागराकडून येतो, त्याला सह्याद्री आडवा येत नाही. म्हणून आपल्या बांधीत धान होते.

मग सह्याद्रीतल्या गावांना पाण्याची ददात नसेल? तसे नाही. उतार मोठा, दगड टणक. पाणी मुरत नाही, धावत सुटते. कसाऱ्याखालच्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते. तानसा, भातसा ही धरणे तिथलीच. आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. बाया हंडे घेऊन रांग धरतात. धरणाच्या काठी राहणाऱ्याचे दुःख पवनी तालुक्याला वेगळे सांगायला नको.

त्र्यंबकेश्वराच्या डोंगरावर पडलेला थेंब पश्चिमेला गेला, तर जवळच समुद्र आहे. पूर्वेला वळला, तर गोदावरी होऊन सारे राज्य ओलांडतो. इकडे आपली वैनगंगा सातपुड्यातून येते, वर्धा नदीला मिळते आणि प्राणहिता होते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ ती गोदावरीला भेटते. आसगावजवळून वाहून गेलेले पाणी आणि त्र्यंबकचे पाणी तिथून पुढे एकाच पात्रातून जाते.